जावयाचा दगड आणि माझी चिंच

तुम्ही कधी जावयाच्या जिवापाड जपलेल्या वस्तूला चिंच लावली का हो? मी लावली. वर लिंबूही पिळलं!

अधिक महिना होता. लेक-जावई वणीहून आमच्याकडे आर्णीला जेवायला अन् मुक्कामाला आले होते. जावयाला वाण द्यायचं म्हणजे पितळेची भांडी कशी लखलखीत हवीत! चिंच भिजवून मी तयारच होते.

जावईबापूंना दगड जमवायचा नाद. येताच त्यांनी रुमालातून एक दगड काढला. त्यावर दांड्यासकट कमळ उमटलेलं!

"आई, हे फूल नाही, समुद्रातला जीव होता. क्रायनॉइड म्हणतात. करोडो वर्षांत दगड झाला."

"आता बाई! अन् तुमच्याकडं कसा आला?"

"बाहेरदेशातला आहे. नुसते दांड्याचे मण्यांसारखे तुकडे ढिगानं भेटतात, पण पाकळ्यांसकट अख्खा भेटत नाही. माझे सारे चांगले दगड देऊन हा एक घेतला."

ते सांगत होते आणि माझं लक्ष कुठं? पाकळ्यांच्या फटीतल्या मातीवर! जावयाची इतकी लाडाची वस्तू आपल्या घरून मळकी कशी पाठवायची?

दोघं बाजारात गेले, तसा मी दगड भांड्यांत घेतला. चिंच लावताच बारीक फेस आला. शेजारच्या रुखसानाभाभी कुंपणावरून बघत होत्या.

"काय घासून राह्यल्या ताई?"

"जावयाचा दगड."

"बापरे, किती मैल निघून राह्यला! लिंबू मारा ना."

मारलं लिंबू. काय फसफसला म्हणता! म्हटलं, करोडो वर्षांचा मळ, निघायला वेळ लागणारच. मग तारेची घासणी घेतली. असा गुळगुळीत केला, की थेट वाणाच्या ताटातच मांडला.

लेक आली आणि किंचाळली, "आई! याचं फूल कुठं गेलं वं?"

"मळासंगं निघालं असन."

जावईबापूंनी दगड उचलला. उन्हात धरला, तिरपा केला, त्यावर बोट फिरवलं. पाकळ्या नव्हत्याच.

"आई, हा चुनखडीचा होता. आंबट लागलं की विरघळते."

ना राग, ना आवाज. मला रडूच फुटलं. तर तेच मला समजावू लागले, "जाऊ द्या आई. बॅगेत अजून एक लहान आहे."

आणि माझ्या तोंडून काय निघावं?

"तो तरी स्वच्छ आहे ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी जावईबापू आंघोळीला गेले, ते बॅग सोबत घेऊन.