उपरण्याखालची किंमत

मुलांनो, आमच्या शेजारी गुरांचे एक दलाल राहतात. माणसांआधी गाईला रामराम घालतात आणि गाईसमोर तिची किंमत कधी बोलत नाहीत. उपरण्याखाली हात धरून बोटांनी सांगतात.

काल कुंपणापलीकडे, पुण्याच्या साहेबांच्या गोठ्यावर, आयकर अधिकारी आले. खर्च फुगवून कर वाचवायला साहेबांनी साध्या गाईची नोंद अस्सल गीर म्हणून भारी किमतीला केली होती.

“खरी किंमत काय हो हिची?” अधिकाऱ्यांनी आमच्या दलालांना तिथे बोलावून विचारलं.

“गाईम्होरं न्हाई बोलायचं. हात द्या, सायेब.”

उपरण्याखाली गुदगुल्या होऊन अधिकारी खिदळले, कुंपणाशी मीही खिदळले. मग त्यांनी कागदावरची किंमत खोडली.

“अहो, किती सांगितलंत?” साहेब ओरडले.

“तुमी बी द्या की हात!”

साहेबांनी दोन्ही हात पाठीमागे लपवले.