झेंडूत खोवलेल्या काड्या

डिसेंबरचा दुसरा रविवार. शिरूरच्या घरी मेथी निवडत बसले होते, तेवढ्यात मांडवगणहून भावाचा फोन आला. भाची कशी आहे विचारलं, तर म्हणाला, "बेस हाय. रडत न्हाई आता."

तिथंच माझं डोकं फिरलं. रडत नाही म्हणजे जबड्याचा व्यायाम बंद आहे.

पोर लहानपणी ओट्यावरून हनुवटीवर पडली होती. पुढं कानाजवळचा जबड्याचा सांधा हळूहळू हाडानं जाम झाला, हनुवटी वाढायची राहिली आणि तोंड बोटभरही उघडेना. घरात कुणाला पत्ता नाही. दात काढत नाही, उलटून बोलत नाही, दुधात कुस्करलेली भाकरी गुमान खाते, म्हणून सगळे तिला गुणाची म्हणायचे. मी दातांच्या डॉक्टरकडे नेली तेव्हा कळलं, गुण कसला, जबडा होता तो. पुण्याच्या सर्जननं जुळलेलं हाड कापून सांधा मोकळा केला आणि बजावलं: रोज दातांमध्ये आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांची चवड घालायची, एकेक काडी वाढवत न्यायची. दुखेल. पण थांबलात तर सांधा परत जाम होईल आणि परत कापावं लागेल.

"किती काड्या बसतात आता?" मी विचारलं.

मग भावानं खरं काय ते सांगितलं. वहिनीला पोरीचं रडणं बघवेना, म्हणून दोघांनी जरा दम खायचं ठरवलं होतं. आत्ताच्या आत्ता काड्या आण म्हटलं, तर म्हणाला, "त्या झेंडूच्या रोपांच्या ट्रेत खोवल्यात, आक्का. पिवळा कंचा, भगवा कंचा, वळखाया."

"आणि तिचं तोंड परत जाम झालं म्हणजे?"

"खाती की गुमान," तो म्हणाला.

या गुमानपायीच तर पोरीची इतकी वर्षं वाया गेली. मी फोन ठेवला. रागाच्या भरात मेथीची पानं देठांत टाकली होती, ती परत वेचत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काड्यांचं नवं पाकीट घेतलं आणि एसटीनं मांडवगण गाठलं. पोरीला ओट्यावर बसवून काड्या घातल्या. आधीपेक्षा कमीच बसल्या. आणखी एक सरकवली तशी ती रडायला लागली. वहिनी आतून धावत आली. मी तिला शेजारी बसवलं आणि पुढची काडी तिच्याच हातात दिली.