कोरडी हळद

बाबा तांडेल होता. रेवदंड्याच्या खाडीत आमची स्वतःची बोट होती, सहा खलाशी होते, आणि मी सात वर्षांची होईपर्यंत बाबा बंदरावरच्या इतर कुणाहीसारखाच प्यायचा. एका संध्याकाळी नशेत त्याने आईला ढकललं. ती उंबऱ्यावर पडली, हात मोडला. दुसऱ्या दिवशी सकाळीच बाबा चर्चमध्ये जाऊन बसला, तो जेवायलाही आला नाही. उन्हं उतरल्यावर घरी आला आणि आईच्या पुढ्यात खाली बसून म्हणाला, "आजपासून न्हाय. प्रभूला सांगून आलोय."

आईचा विश्वास बसला नाही. पण त्यानंतर त्याने खरंच दारूला हात लावला नाही. पुढे त्याने बोटीवर बाटली आणायला बंदी केली. रविवारी बोट काढणं सोडलं. लग्नाकार्यात जेवण झालं की तो उठून घरी यायचा. गावात आमची पाच-सहाच ख्रिस्ती घरं, तीही पिणारीच. एकदा फादर त्याला म्हणाले, "सणाला घोटभर चालतं रे." बाबा हसला. "तुम्हाला चालत असंल, फादर. मला घोटभर जमत न्हाय."

खलाशी एकेक करून दुसऱ्या बोटींवर गेले. शेवटी बोट विकावी लागली आणि बाबा अंगणात बसून लोकांची जाळी दुरुस्त करू लागला. त्याचं त्याला काही वाटत असेल तर ते आम्हाला कधी कळलं नाही.

मग माझं लग्न ठरलं. मुलगा श्रीवर्धनकडचा, आमच्यातलाच, बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा. आमच्या किनाऱ्यावर हळद म्हणजे डीजे आणि दारू, ख्रिस्त्यांच्या घरीसुद्धा. सासरहून निरोप आला, व्यवस्था काय? बाबाने कळवलं, मटण पोटभर, मासे पोटभर, दारू नाही.

मी रडले. "एक दिवस, बाबा. फक्त माझ्यासाठी."

"जीव माग, देतो गो," तो म्हणाला. "ह्ये नको मागू."

हळदीच्या संध्याकाळी मांडव भरला होता. थोड्या वेळाने पुरुष एकमेकांच्या कानाला लागू लागले. मग मोटरसायकली सुरू झाल्याचे आवाज आले. नवऱ्याकडून आलेला टेम्पोही वळला. मी अंगभर हळद लावून पाटावर बसले होते आणि समोर रिकाम्या खुर्च्या होत्या. मटणाची दोन पातेली तशीच झाकलेली. बाबा खुर्च्या एकात एक घालून भिंतीकडे नेऊन ठेवत होता. त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

सासरी माझ्या लग्नाला 'कोरडी हळद' हेच नाव पडलं. कुणाचंही लग्न निघालं की जावा हसायच्या. नवराही हसायचा. तो राग मी बाबावर काढला. तीन नाताळ मी माहेरी गेले नाही. वर्षभरात मला मुलगी झाली; बाबाचा फोन आला की तिच्या हातात द्यायचे आणि भांडी घासायला बसायचे.

चौथ्या वर्षी आईचा फोन आला. "बाबाला गिळता येत न्हाय," ती म्हणाली, घरातला तांदूळ संपला हे सांगावं तशी.

मांडव्याहून लाँचने आम्ही त्याला मुंबईला नेलं. घशाचा कॅन्सर. डॉक्टरांनी स्वरयंत्र काढलं. चर्चमध्ये गाणं धरायला बाबाच लागायचा. बाकीचे त्याच्या मागून म्हणत. आता गळ्याला भोक आणि हातात माझ्या मुलीची पाटी. ऑपरेशननंतर त्याने पाटीवर पहिलं काय लिहावं? 'आई जेवली का?'

वर्षभर बरं गेलं. मग दुखणं परत आलं, आणि या वेळी डॉक्टरांनी त्याला घरीच ठेवायला सांगितलं. मी मुलीला घेऊन माहेरी राहायला आले. पाणी तेवढं घोटघोट जायचं. औषधाचा अंमल उतरला की तो खाटेची कड धरून ठेवायचा आणि त्याच्या तोंडून आवाजही निघायचा नाही. ते बघवत नव्हतं.

एका दुपारी धाकटा काका आला. खिशातून छोटी बाटली काढून म्हणाला, "दादा, दोन घोट घे. जरा सुन्न होशील. इथं कोण बघतंय?"

बाबाने मान हलवली.

"घे ना, बाबा," मीही म्हणाले. "आता देव काय रागावणार हाय?"

त्याने पाटी मागितली. लिहायला बराच वेळ लागला. 'तुझ्या हळदीला दिली नाही. आता मी कशी घेऊ?'

काकाने विचारलं, काय लिहिलंय? इतकी वर्षं मी समजत होते, त्या संध्याकाळचं त्याला काही नव्हतं. मी मागच्या दारी जाऊन सुपारीच्या झाडाला धरून उभी राहिले. माफी मागायची असं ठरवूनच आत आले, पण तोवर त्याने पाटी पुसून 'पाणी' लिहिलं होतं. मी पाणी पाजलं, पाय चेपत बसले. माफी राहूनच गेली. त्यानंतरचे दिवस तो बहुतेक गुंगीतच होता आणि नवव्या दिवशी सकाळी गेला.

दफनाला गाव आलं. त्याचे जुने खलाशीही आले, कडेला हात बांधून उभे राहिले. फादरांची प्रार्थना झाली आणि गाण्याची वेळ आली, तेव्हा सगळे गप्प. गाणं धरणारा कोणीच नव्हता. शेवटी आईने धरलं, भलत्याच पट्टीत, आणि लोक तिच्या मागून कसेबसे म्हणत गेले.

बाबाचं बरोबर होतं का, हे मला आजही ठरवता येत नाही. खुर्च्या उचलणारा बाबा आठवला की अजूनही आधी राग येतो, आणि मग रडू. आई आता एकटी आहे, सुकी मासळी विकते. महिन्यातून एका रविवारी मी तिच्याकडे जाते, चर्चमध्ये तिच्या शेजारी बसते. बाहेर पडताना ती दर वेळी विचारते, "प्रार्थना केलीस ना?"

मी "व्हय" म्हणते. कधी केलेली असते, कधी नाही.