भरलेलाच परत गेलेला डबा
शेजारच्या काकूंनी आत्ता दारातच हातावर पेढा ठेवला आणि वेलचीच्या वासासरशी मला ठाण्यातल्या विद्यापीठाचं ते एसीने गारठलेलं सभागृह आठवलं. मी अर्थशास्त्रात एम.ए. करत होतो. एक तरुण संशोधक मॅडम आपलं नवं काम मांडायला आलेल्या. वर्तकनगरच्या सोसायट्यांमध्ये लिफ्टजवळ चिक्कीचा उघडा डबा ठेवायचा आणि आजूबाजूला कोणी नसताना माणूस एक उचलतो की मूठभर, ते कॅमेऱ्यातून बघायचं, असं ते संशोधन. टाळ्या झाल्या आणि मॅडमनी पेढ्यांचा डबा फिरवायला दिला. मित्र कानात म्हणाला, ‘हात लावू नको रे, आता आपल्यावर प्रयोग चाललाय.’ पुढे बसलेल्या सरांना अचानक आपला डायबिटीस आठवला. डबा भरलेलाच परत गेला. मॅडम ओशाळून म्हणाल्या, ‘अहो, कालच माझी पीएचडी झाली, म्हणून आणलेले.’ ‘आता कोण उठतं ते बघणार ती,’ मित्र पुटपुटला. कोणीच उठलं नाही. मॅडमनी झाकण लावलं आणि एकट्याच हसल्या. त्या हसण्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही. काकू मात्र अजून दारातच उभ्या आहेत. ‘खा ना रे,’ म्हणतायत. एवढा आग्रह कशाला?