आळणी भरीत

भडगावच्या भाईदास सरांना जगातील एकही गोष्ट कधी धड वाटली नाही, आणि त्यांच्या मुलाचे हे भाग्यच म्हणायचे. प्रशीलची मूत्रपिंडे ऐन तिशीत निकामी झाली. तेव्हापासून आठवड्यातून दोनदा पारोळ्यामार्गे धुळे गाठायचे, डायलिसिसच्या खाटेवर प्रशीलने आडवे व्हायचे आणि शेजारच्या स्टुलावर सरांनी व्यवस्थेचा समाचार घ्यायचा. निवडणुकीपूर्वी बुजणारे व निकालानंतर उघडे पडणारे खड्डे, चहा या नावाने खपणारे गरम पाणी, कोणीही सुटत नसे.

"आबा, आज पंख्याला कसं सोडलं?" प्रशील मुद्दाम डिवचायचा.

"त्याचा काय दोष? फिरणे एवढेच त्याचे काम. वारा देणे नेमणूकपत्रात नसावे!"

आजूबाजूच्या खाटाही हसत. परिचारिका रूपा दटावी, "सर, हळू! सुई हलेल त्याची." सर मग तिच्या दटावण्यातही खोट काढत.

डबा लिलाबाईंचा असे. मुलाला मीठ वर्ज्य, म्हणून सगळ्या घराचाच स्वयंपाक आळणी. सर तेच जेवत, मात्र घासागणिक कुरकुरत. प्रशीलचे जेवण त्या कुरकुरीवरच खाली उतरे.

वर्षावासात, भर पावसाळ्यात, प्रशील गेला. जाण्यापूर्वी आईला बजावून गेला, "भाषणं नकोत. थंडीत रुपचंदमामाच्या मळ्यात भरीत करा. आणि आबांना गप्प बसू देऊ नको, आई."

सर मात्र गप्पच बसले. दुधात पाणी आले आणि नळाला आले नाही, तरी चकार शब्द नाही. लिलाबाईंनी मुद्दाम चहा करपवला. तोही निमूट प्याले. घरातला एक आवाज मुलाबरोबर गेला होता, दुसरा डोळ्यांदेखत चालला होता. लिलाबाईंना त्याचीच धास्ती होती.

थंडी पडताच रुपचंदच्या मळ्यात कपाशीच्या काड्यांवर हिरवी वांगी भाजली गेली. लिलाबाईंनी मिरच्या-लसणासह ती काठवटीत ठेचली, शेंगदाणे आणि कांद्याची पात घातली. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीबरोबर पंगत बसली. सारे खाली मान घालून जेवू लागले. एवढी शांत भरीत पार्टी खानदेशाने पाहिली नसेल.

लिलाबाईंनी सरांकडे पाहिले. त्यांनी एक घास घेतला. थांबले. दुसरा घेतला. भुवया हळूहळू वर चढल्या.

"लिला, या भरितात मीठ कुठे आहे?"

लिलाबाईंनी बोट चाटून पाहिले. इतक्या वर्षांची सवय. हाताला मीठ आठवलेच नव्हते.

"नही शे ना सर," शेजारच्या बेबाबाई हळूच म्हणाल्या. "बठ्ठासले वाटनं, पोऱ्याना पथ्यनंच करेल शे." मुद्दामच मुलाच्या पथ्याचे केले असेल, असे सगळी पंगत समजून चालली होती.

"धन्य आहे! एवढी माणसे आळणी गिळताहेत आणि एकाची जीभ उचलत नाही! अहो, म्हणूनच या तालुक्याला रस्ते मिळत नाहीत! रुपचंद, तू तर सरपंचपदाला उभा होतास, तुला मीठसुद्धा मागता येईना?"

रुपचंदला ठसका लागला. पंगतीत हशा पिकला. सर भाकरीकडे वळले. ती करपल्याचेही त्यांच्या नजरेस आले होते.

मिठाची पुडी लिलाबाईंच्या गुडघ्याशीच होती. त्यांनी पदराने डोळे पुसले, ती पुडी हळूच पदराखाली सरकवली आणि सरांची तक्रार ऐकत, हसत बसून राहिल्या.