शारजाच्या पुस्तकमेळ्यात निघालेला हिरवा डबा

चौदा वर्षांच्या मुलीने आपणहून ‘आई, चल’ म्हणावं, असं आमच्याकडे वर्षातून एखाद्या वेळी घडतं. म्हणून शनिवारी अबुधाबीतल्या आमच्या अल रीम आयलंडवरून शारजाला निघालो. ईराची लाडकी लेखिका, किशोरांसाठी कादंबऱ्या लिहिणारी ब्रिटिश बाई, तिथल्या पुस्तकमेळ्यात बोलणार होती. तिची चारही पुस्तकं आमच्याकडे आहेत. मी एकही वाचलेलं नाही, पण ब्राऊन पेपरची कव्हरं मीच घातली आहेत, लेबलसकट.

जाणार असाल तर सकाळीच निघा. आम्ही पावणेदोन तासांत पोचलो. दुपारनंतर दुबई-शारजा रस्ता अंत पाहतो. प्रवेश फुकट. बाहेर करक, म्हणजे दुधाचा कडक मसाला चहा, दोन दिरहम. “म्हणजे पन्नास रुपये,” मी म्हणाले आणि ईराने डोळे फिरवले.

बाई साठीच्या, साध्या. पहिली तीन पुस्तकं कुणी विचारली नाहीत, प्रकाशकाने हात वर केले, मग सात वर्षं शाळेच्या कॅन्टीनमध्ये जेवण वाढलं, असं हसत सांगत होत्या. लिहिणं सोडणारच होत्या, तेवढ्यात अबुधाबीच्या एका बारा वर्षांच्या मुलीचा ईमेल आला. त्यातून चौथी कादंबरी झाली आणि नशीब पालटलं. नाव न घेता त्यांनी तो ईमेल सांगितला. नवी शाळा, मैत्रीण एकही नाही. दर बुधवारी आई हिरव्या डब्यात थालीपीठ देते, ते ती टॉयलेटचं दार लावून खाते.

‘थालीपीठ’ म्हणताना बाई अडखळल्या. तो डबा त्या क्षणी आमच्या ओट्यावर पालथा पडला होता.

सहीच्या रांगेत ईराने नाव सांगितलं, तर बाई खुर्चीतून उठल्या आणि त्यांनी तिला मिठी मारली. मी शेजारी पाण्याची बाटली धरून उभी. सातासमुद्रापलीकडच्या बाईला जे ठाऊक, ते मला ठाऊक नव्हतं. मला लाज वाटली, आणि खरं सांगते, रागही आला.

परतताना दुबई मागे पडली. मग मी विचारलं, “मला का नाही सांगितलंस?”

“यू वुड हॅव स्टॉप्ड मेकिंग इट, आई,” ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. “अँड आय लव्ह इट.”

घरी आल्यावर चौथ्या पुस्तकाचं कव्हर काढलं आणि वाचायला बसले. थालीपीठ अजून बुधवारीच होतं. डबा कुठे बसून खाल्लास, कुणाबरोबर, हे आता रोज विचारते. ती चिडते. चिडू दे.