अक्कांचं मांजरपाट

टाचणी अक्का तोंडात टाचण्या असल्या तरच बोलत. ओठांत पाच-सहा टाचण्या ओळीने धरून त्या शिकवायच्या, रागवायच्या, चहा मागवायच्या, आणि शेवटची टाचणी कापडात गेली की गप्प व्हायच्या. पुढचं वाक्य हवं असेल तर डबी पुढे करावी लागे. पहिले पंधरा दिवस मला हे कुणी सांगितलं नाही. मी शिस्तीने वर्ग संपायची वाट बघायचे, त्यांचं तोंड मोकळं झालं की वहीतले प्रश्न काढायचे, आणि त्या माझ्याकडे बघून मान डोलवायच्या, पिशवी उचलायच्या, निघून जायच्या. माझं काय चुकतंय ते मला कळत नसे.

मी पुण्यात कपड्यांच्या कारखान्यात सोळा वर्षं पॅटर्न काढले. पॅटर्न म्हणजे कपड्याचा कागदावरचा आराखडा. पुढचा भाग, मागचा भाग, बाही, गळपट्टी, सगळं मापाने आखायचं, कापायचं, वर नंबर टाकून पाकिटात ठेवायचं. माझ्या पाकिटांवर आत काय आहे, कुणाचं आहे आणि पुढे काय करायचं आहे, या तिन्ही गोष्टी लिहिलेल्या असतात. घरातल्या डाळींच्या डब्यांवरही असतात. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही बंगळूरला आलो आणि सेहेचाळिसाव्या वर्षी मी चामराजपेटेतल्या एका लहान संस्थेत सहा महिन्यांच्या वरच्या वर्गात नाव घातलं. तिथे पॅटर्न आणि ड्रेपिंग एकत्र शिकवत. ड्रेपिंगमध्ये कागद नाहीच. पुतळ्यावर सरळ कापड टाकायचं, टाचण्या लावत लावत त्यातूनच कपडा शोधायचा. आधी कागदावर आराखडा, मग कापडावर, मग पुन्हा कागदावर, पुन्हा पुतळ्यावर, अशी ती ये-जा होती. मला वाटलं होतं, चौदा-पंधरा नियम असतील, लिहून घेऊ.

अक्का अडुसष्ट वर्षांच्या. त्यांचं घराणं बंगळूरला इतक्या पिढ्यांपूर्वी आलेलं की मूळ गाव कोणतं ते त्यांनाच ठाऊक नव्हतं. त्यांची मराठी ऐकताना मला अर्धं समजायचं आणि उरलेलं अर्धं समजल्यासारखं वाटायचं. मला त्या 'पुणे' म्हणत. नाव विचारलंच नाही कधी. "ए पुणे, स्वल्प कात्री दे." थोडी कात्री कशी द्यायची हा प्रश्न मला पहिल्या दिवशी पडला. तो आपल्या 'जरा'सारखा कन्नड शब्द आहे हे शेजारच्या मुलीने नंतर सांगितलं.

त्यांचे नियम मी वहीत उतरवत गेले. नियम चौथा : कापड खांद्यापासून लावायला सुरुवात करावी. नियम नववा : खांद्यापासून कधीही सुरुवात करू नये. बाराव्यात उभा धागा जमिनीशी काटकोनात हवा होता, सतराव्यात उभ्या धाग्याला जायचं तिथे जाऊ द्यायचं होतं. मी वही उघडून चौथा आणि नववा त्यांच्यासमोर धरला. अक्कांनी टाचण्यांमागून हसत म्हटलं, "त्या दिवशी सुती होतं की गं. आज रेशीम आहे. दोघींना एकाच दारातनं आत कसं घेतीस?" मी दोन्ही नियमांपुढे कापडाचं नाव लिहिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी रेशमालाही खांद्यापासूनच सुरुवात केली. मी वही मिटली.

माप घेण्याची त्यांची रीतही अशीच. टेप गळ्यात असायचा, पण तो शोभेला. समोरच्या बाईच्या दोन्ही खांद्यांवर त्या तळवे ठेवत, मग कमरेवर, आणि डोळे मिटून क्षणभर उभ्या राहत. "कागदाला अंग नसतंय," असं त्या म्हणायच्या. मला ते पटायचं नाही. माझ्या कागदांवरून हजारो शर्ट निघाले होते आणि ते लोकांना बसले होते. त्यावर त्यांचं म्हणणं एवढंच की शर्ट लोकांना बसले नव्हते, लोक शर्टांत बसले होते.

वर्गाच्या शेवटी प्रत्येकीने एका खऱ्या व्यक्तीसाठी एक कपडा करायचा होता. माझ्या वाट्याला अक्कांनी रूपा दिली. रूपा बंगळूरच्याच येलहंक्याची, पंचविशीतली, अक्कांच्या जुन्या गिऱ्हाइकाची मुलगी. तिच्या बहिणीचं रिसेप्शन होतं. मोरपंखी रेशमाचा लांब गाऊन तिला हवा होता आणि तिची अट एकच होती, जी तिने माझ्या मोडक्या कन्नडची दया येऊन हिंदीत सांगितली : ओढणी नको. हे सांगताना तिच्या अंगावर ओढणी होती, डाव्या खांद्यावरून पुढे घेतलेली, दोन्ही हातांनी घट्ट धरलेली. ओढणी नको असं ती दोनदा म्हणाली. मी वहीत एकदाच लिहिलं.

माप घ्यायला अक्का तिला पडद्याआड घेऊन गेल्या. मला बाहेर थांबवलं. आत कन्नडमध्ये बराच वेळ बोलणं चाललं होतं, त्यातलं मला फक्त 'अक्का' एवढं कळलं. बाहेर आल्यावर त्यांनी संस्थेचा एक पुतळा उचलला आणि घरी नेते म्हणाल्या. त्यांचं घर दोन गल्ल्या पलीकडे. पुतळा ऑटोत बसवताना ऑटोवाल्याने या अम्मांचं डोकं कुठे राहिलं असं विचारलं, तेव्हा अक्का टाचण्यांमागून म्हणाल्या, डोकं नाही म्हणूनच शांत बसलीय, तू चल. घरी का न्यायचा हे मी विचारलं नाही. पुतळे घरी नेऊ नयेत असा संस्थेचा नियम होता, तेवढं मात्र मला आठवलं.

त्याच आठवड्यात प्राचार्यबाईंनी मला बाजूला घेतलं. अक्कांची नजर गेलीय, हात थरथरतो, त्यांचं काम वाकडं येतं, हे वर्ष बघू आणि मग थांबवू, असं त्या म्हणाल्या. मला वाईट वाटलं. मीही तो हात पाहिला होता. टाचणी कापडात जाण्याआधी हवेत एक-दोनदा चुकायची.

चार दिवसांनी अक्कांनी मला घडी केलेलं मांजरपाट दिलं. महागाचं कापड कापण्याआधी स्वस्त कोऱ्या मांजरपाटावर कपडा बसवून बघतात, तेच हे. त्यावर लाल पेन्सिलीने रेघा होत्या. त्या रेघा मी कागदावर उतरवायच्या होत्या. तोंडात दोन टाचण्या होत्या, म्हणून त्या दोनच वाक्यं बोलल्या. "जसं आहे तसं काढ. काय वाटलं तर ये."

मी टेबलावर मांजरपाट पसरलं. एरवी पुतळ्याच्या उजव्या अर्ध्यावरच कापड लावतात. कागदावर तो अर्धा उलटवला की डावा मिळतो. अक्कांनी दोन्ही अर्धे लावले होते आणि ते जुळत नव्हते. डावा खांदा उजव्यापेक्षा पाऊण इंच खाली. डावी कड कमरेशी बाहेर फुगलेली. लाल रेघ मध्येच थरथरून पुन्हा सावरलेली. मी दोनदा मोजलं, मग तिसऱ्यांदा. प्राचार्यबाई म्हणत होत्या ते खरंच होतं.

मी काय केलं ते स्पष्ट लिहिते. मी मधल्या रेघेवर घडी घातली, उजवा अर्धा पक्का धरला आणि डावा त्याच्यावरून निळ्या पेन्सिलीने काढला. सोळा वर्षं हेच केलं होतं. रेघा सुरेख आल्या. त्यावरून मी मोरपंखी रेशीम कापलं, शिवलं, आणि कुणाला काही बोलले नाही. अक्कांची चूक मी झाकली असं मला वाटत होतं. खरं सांगायचं तर त्या दोन दिवसांत मला स्वतःचं थोडं कौतुकही वाटलं.

रिसेप्शनच्या चार दिवस आधी रूपा गाऊन घालून बघायला आली. आरशासमोर उभी राहिली. उजवी बाजू चित्रासारखी होती. डाव्या खांद्यावर रेशमाची एक मोकळी घडी उभी राहिली होती, गळा एका बाजूला ओढला गेला होता, आणि कमरेशी कापड ताणून चुणी पडली होती. तेव्हा मी रूपाला प्रथमच ओढणीशिवाय पाहिलं. तिचा डावा खांदा उजव्यापेक्षा खाली होता. पाठीचा कणा लहानपणीच एका बाजूला वळलेला. जे ती बारा वर्षं झाकत होती ते माझ्या सरळ गाऊनने मोठ्या अक्षरांत लिहून दाखवलं होतं. रूपाने खुर्चीवरची ओढणी घेतली आणि डाव्या खांद्यावर टाकली.

अक्कांनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि डबीत ठेवल्या. मी रागावण्याची वाट बघत होते. त्यांनी रूपाच्या पाठीवर हात ठेवला, भिंतीवरच्या कॅलेंडरवर परवाच्या तारखेवर बोट टेकवलं, आणि मला पिशवी उचलायची खूण केली.

त्यांच्या घरी खोलीच्या कोपऱ्यात तो पुतळा होता. त्यावरची खोळ त्यांनी काढली. उजव्या खांद्यावर जुन्या साडीच्या पट्ट्या थरावर थर लावलेल्या, डाव्या कमरेवर कापूस टाचलेला. ती रूपाच होती. माप न लिहिता, तळव्यांनी घेतलेली. कुणाला सांगणार नाही असा शब्द अक्कांनी पडद्याआड दिला होता, म्हणून पुतळा घरी आला होता.

मी म्हटलं, "अक्का, मला एका शब्दाने तरी सांगायचं होतंत. मला वाटलं, तुमचा हात..."

त्यांच्या तोंडात एकही टाचणी नव्हती. तशा त्या बोललेल्या मी तेवढ्याच एकदा ऐकल्या. "हात थरथरतोय की. खोटं नव्हे ते. त्या मांजरपाटातलं काही वाकडं तिचं आहे, काही माझं. कुठलं कुणाचं ते मलाच दिसंना. तुझी नजर धाग्याचा फरक धरतीय. तुला दिसेल, तू हे असं का म्हणून विचारायला येशील, मग दोघी बसून निवडू असं वाटलं." मग खोळ पुन्हा चढवत म्हणाल्या, "तू आलीच नाहीस. सरळ केलंस."

मला दया आली होती म्हणून मी विचारलं नव्हतं, हे मी त्यांना सांगू शकले नाही. बहुतेक त्यांना कळलं असावं. नक्की सांगता येत नाही.

सुदैवाने मी दर कापडामागे पाऊण मीटर जास्त घेते, आणि ते कुठल्या पिशवीत आहे हे मला माहीत असतं. तिसऱ्या दिवशी रूपा संस्थेच्या खोलीत उभी राहिली. अक्कांनी माझ्यासमोर पडदा लावायला हवा का असं तिला विचारलं असावं, कारण रूपाने माझ्याकडे पाहिलं आणि ओढणी स्वतःच काढून माझ्या हातात दिली. कमरेच्या वरचा डावा भाग मी उसवून ठेवला होता. अक्का नवं मांजरपाट तिच्या अंगावर धरत, त्यांचा हात हवेत चुकला की मी मनगट धरत असे, आणि टाचणी जायची तिथे जाई. रेघ मी ओढायची. प्रत्येक रेघेला मी विचारत होते, "हे तिचं की तुमचं?" अक्का टाचण्यांमागून सांगायच्या, "तिचं." "तिचं." एकदा, "माझं, पूस ते." आणि दोनदा बराच वेळ बघून, "ठाऊक नाही गं. असू दे." कागदावर मी आयुष्यात पहिल्यांदा डावा आणि उजवा असे दोन वेगळे भाग आखले आणि ते एकमेकांवर ठेवून पाहिले नाहीत.

रिसेप्शनला मी गेले होते. रूपा दारातच उभी होती, पाहुण्यांना गुलाबपाणी शिंपडत. अंगावर मोरपंखी गाऊन, दोन्ही हात मोकळे. खांदा खालीच होता. पण रेशीम त्याच्याबरोबर खाली गेलं होतं, कुठेही घडी न घालता, आणि तो खालचा खांदा मला मुद्दाम शोधावा लागला. अक्का एका खुर्चीवर बसून मसालेभात खात होत्या. मी शेजारी बसले. त्यांच्या तोंडात टाचण्या नव्हत्या, त्यामुळे आमचं काही बोलणं झालं नाही.

वर्ष संपल्यावर अक्का बंगळूरबाहेर आनेकलला धाकट्या मुलीकडे राहायला गेल्या. डोळ्यांचं ऑपरेशन झालं, फार फरक पडला नाही. मी दोनदा बसने जाऊन आले. मुलीने घरात टाचण्या ठेवायला बंदी केली होती, चुकून गिळतील म्हणून. पहिल्या भेटीत अक्का तासभर माझ्याकडे बघत शांत बसल्या. दुसऱ्या भेटीला मी पर्समध्ये डबी नेली. मुलगी चहा टाकायला आत गेली तशा अक्कांनी हात पुढे केला, मी सहा टाचण्या दिल्या, आणि त्या सहा टाचण्या ओठांत धरून त्यांनी मला पुण्याची हवा, माझी केसांची क्लिप आणि आनेकलचा शिंपी या तिघांबद्दल मनसोक्त सुनावलं. चहा आला तेव्हा सगळ्या टाचण्या डबीत परत होत्या. मी मोजल्या. त्यानंतर चारच महिन्यांनी मुलीचा फोन आला.

आता त्याच संस्थेत मी शिकवते. मुली मला नियम विचारतात आणि मी त्यांना चौथाही सांगते, नववाही. त्या माझ्याकडे जशा बघतात तशी मी कधीकाळी बघत होते. कुणाच्या कापडावर वाकडी रेघ दिसली की मी आधी विचारते, हे कुणाचं. उत्तर नेहमी मिळतं असं नाही.

ते पहिलं मांजरपाट माझ्या कपाटात आहे. त्यावर अक्कांची लाल रेघ आहे आणि तिच्या शेजारून माझी, सरळ केलेली, निळी. कधीतरी मी ते काढते, खिडकीशी धरते, आणि लाल रेघेत रूपा कुठे संपते आणि अक्कांचा हात कुठे सुरू होतो ते शोधते. काही ठिकाणी कळतं. खांद्याच्या टोकाशी दोन बोटं रुंद जागा आहे, तिथे मला अजून कळलेलं नाही. मग मी घडी करून ते पाकिटात ठेवते. कपाटातल्या सगळ्या पाकिटांवर आत काय आहे, कुणाचं आहे, पुढे काय करायचं आहे ते लिहिलेलं आहे. या एका पाकिटावर मी अजून काही लिहिलेलं नाही.